तंबोऱ्याला सावली

फाल्गुन लागला की तासगाव-कवठेमहांकाळच्या माळावर बेदाण्याच्या शेडी भरतात. वर छप्पर, बाजूंनी हिरवी जाळी, आत एकावर एक जाळ्यांचे मजले आणि त्यांवर पसरलेली द्राक्षं. थेट ऊन लागू द्यायचं नाही, लागलं तर बेदाण्याचा हिरवा-पिवळा रंग जातो आणि माल तांबूस पडतो. सावलीतून फिरणारा कोरडा वाराच पंधराएक दिवसांत द्राक्षातलं पाणी ओढून नेतो. त्या वाऱ्यावर कितीतरी घरांचं वर्ष तरतं.

तोच वारा तिथून तीसेक किलोमीटरवर मिरजेत, उघड्या मांडवात मांडलेल्या तंबोऱ्यांवरूनही वाहत असतो. द्राक्षातून जे नेतो तेच लाकडातून नेतो, फक्त हळू. त्यात वरून ऊन पडलं की हाल दुहेरी. बेदाण्याला सावली हवी हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. तंबोऱ्याला हवी, हे मात्र मांडववाल्याला मुद्दाम सांगावं लागतं, आणि ते सांगणारा माणूस बहुतेकदा बैठक सुरू व्हायच्या अर्धा तास आधी येऊन पोचतो. तोवर खांब रोवलेले असतात, रंगमंचाचं तोंड ठरलेलं असतं. मग उरते ती धावपळ: कुणीतरी छत्री धरतो, कुणी सतरंजी ओढतो. वाद्याची सावली ही आयत्या वेळी करायची गोष्ट नाही. मांडवाचा पहिला खांब रोवतानाच ती ठरते.

हे मिरजेत लिहिण्याला अर्थ आहे. हत्यारांना धार लावणारे इथले शिकलगार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाद्यांकडे वळले, फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं, आणि त्यांच्या हातांनी सतारमेकर गल्ली वसवली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूरच्या बाजूने, भीमाकाठच्या रानातून येणारा भोपळा इथे वर्षानुवर्षं सुकवून, पारखून वापरतात. लाकूड तसंच मुरवून ठेवतात. कारागीर दोन-चार वर्षं थांबून लाकडाला शांत करतो, आणि आपण एका दुपारी त्याला उन्हात ठेवून ती शांतता मोडतो. हे मनाला लागतं.

उन्हात नेमकं होतं काय, ते नीट समजून घेतलं तर पुढची सगळी तजवीज आपोआप सुचते.

तंबोऱ्यावर उष्णता तीन वेगवेगळ्या चालींनी काम करते. सगळ्यात चपळ तार. तिचा जीव केवढा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी जाड. ऊन पडलं की काही क्षणांत तापते, ढग आला की तितक्याच लवकर निवते. तापली की लांबते, लांबली की ताण कमी होतो, सूर उतरतो. त्यामागून लाकूड तापतं, त्याला पाऊण-एक तास लागतो. आणि सगळ्यांत शेवटी लाकडातला ओलावा हलतो, त्याला दिवस आणि आठवडे लागतात. बैठकीत त्रास देते ती तार. पण वाद्य कायमचं बिघडवतो तो ओलावा, आणि त्या वेळी सूर बरा लागत असल्यामुळे त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

तारेचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेला पुरुषी तंबोरा घ्या, जोडीची (मधल्या दोन सारख्या तारांपैकी) पोलादी तार, घोडी ते अटी, म्हणजे तारेच्या खालच्या टेकूपासून वरच्या टेकूपर्यंत, अंतर साधारण ९५ सेंटिमीटर. तार आणि दांडी दोन्ही १० अंशांनी तापली तर तार दांडीपेक्षा जास्त लांबते आणि सूर अर्ध्या सुराच्या जवळजवळ पाव हिश्शाने खाली येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर एक प्रमाणश्रुती, म्हणजे दोन सुरांमधलं एक बारीक अंतर, ८१:८० या नात्याची, तेवढा फरक. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची मोजमापं केली, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या प्रयोगांसाठी आपला गळा दिला. ज्या अंतरासाठी त्या दोघांनी इतका जीव टाकला, तेवढं अंतर दुपारचं ऊन दहा मिनिटांत गिळतं.

खर्जाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेचं, त्याहून वाईट. ती तार पितळेची. पितळ पोलादाच्या दीडपटीहून थोडं जास्तच फुगतं, आणि खर्जाला मुळात ताणही कमी असतो, त्यामुळे तापल्यावर तिच्या वाट्याचा ताण भराभर घटतो. म्हणून उन्हात चारही तारा सारख्या उतरत नाहीत. जोड थोडी उतरते, खर्ज धाडकन उतरतो, आणि गवयाला नुसतं ‘तंबोरा खाली आला’ एवढंच नाही, तर ‘तंबोरा फाटला’ असं ऐकू येतं. सूर बारीक लावायचे तारेतले मणी हलवून हे सावरत बसलं की दुसऱ्या मिनिटाला ढग येतो आणि सगळं पुन्हा वर जातं. अशा वेळी मण्याला हात लावणाऱ्यापेक्षा सावली शोधणारा शहाणा.

आता शेजारची वाद्यं बघा. हार्मोनियमचे सूर पितळी पट्टीच्या लवचिकतेवर चालतात, १० अंशांनी त्यात जेमतेम फरक पडतो, कानाला कळेल न कळेल इतका. बासरी नेमकी उलट: हवा तापली की आवाज हवेतून जास्त वेगाने जातो, म्हणून तिचा सूर चढतो. १० अंशांना एका श्रुतीच्या पुढे जाऊ बघतो, फुंकेची ऊब आधीच आत असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमी. तबला तर उन्हाने कडक होतो, कातडं आवळतं आणि तो अर्धी पट्टी सहज वर जातो. म्हणजे एकाच उन्हात तंबोरा खाली, बासरी आणि तबला वर, पेटी जागच्या जागी. चौघेही आपापल्या जागी खरे आणि एकमेकांशी खोटे. त्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावलेला असेल तर तो पेटीसारखाच ठाम राहतो, आणि खऱ्या तंबोऱ्याचं उतरणं जास्तच उघडं पडतं. अशा बैठकीत गवयी कुणाला धरून गाणार? बहुतेक जण पेटीला धरतात, तंबोरा मागे पडतो, आणि संध्याकाळ संपेपर्यंत तंबोरा शोभेचा होऊन जातो. ह्यासाठी तरी सावली करा.

सावली करायची म्हणजे आधी सूर्य कुठे असेल ते बघायचं. आपल्याकडे संध्याकाळची बैठक साडेपाचला ठेवतात, आणि रंगमंचाचं तोंड पश्चिमेला, कारण रसिकांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये. रसिकांची सोय होते, कलाकाराच्या आणि वाद्याच्या तोंडावर सूर्य. वर छप्पर आहे म्हणून मांडववाला निश्चिंत असतो. पण गणित सोपं आहे: छपराची पुढची कड १२ फूट उंच असेल आणि सूर्य क्षितिजापासून २० अंश वर असेल, तर ऊन छपराखाली ३३ फूट आत घुसतं. सूर्य १० अंशांवर आला की ६८ फूट. एवढा खोल रंगमंच आपल्याकडे कुठे असतो? म्हणजे मावळतीच्या आधीचा दीड तास वरच्या छपराचा काडीचा उपयोग नाही. त्या वेळी पश्चिमेची कनात लागते.

हे मोजायला यंत्र नको. हात ताठ पुढे धरून मूठ मिटा. त्या मुठीची उंची म्हणजे साधारण १० अंश. बैठकीच्या आदल्या दिवशी, बैठकीच्याच वेळेला, जिथे तंबोरे बसणार तिथे बसा, उभं राहून नव्हे, बसून, आणि सूर्य किती मुठी वर आहे, तो कुठल्या खांबाच्या आणि कुठल्या झाडाच्या मागे जातो ते बघा. मार्चच्या शेवटी इथे सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो, तेव्हा सव्वापाचला तो दोन मुठींवर असतो. शक्य असेल तर रंगमंचाचं तोंड उत्तरेला ठेवावं. मार्गशीर्ष-पौषात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा तर उत्तरमुखी मंचावर समोरून ऊन येतच नाही, पाठीमागची कनात जाड असली की भागतं. वैशाख-ज्येष्ठात मात्र मावळता सूर्य वायव्येला सरकतो, तेव्हा उत्तरमुखी मंचालाही पश्चिमेच्या अंगाला कनातीचा पंख काढावा लागतो. मंचाच्या पुढच्या कडेपासून सात-आठ फूट पुढे आलेला पंख पुरतो. दाट चिंच किंवा वड पश्चिमेला असेल तर त्याच्या सावलीसारखं दुसरं काही नाही. कापड ऊन अडवतं आणि स्वतः तापतं. झाड ऊन अडवून गार राहतं.

छपराबद्दल एक गोष्ट फार क्वचित पाळली जाते. एकेरी ताडपत्री किंवा पत्रा ऊन अडवतो, पण तो स्वतः तव्यासारखा तापतो आणि खालच्या बाजूने उष्णता फेकत राहतो. डोक्यावर हात धरला तरी धग जाणवते. त्यावर उपाय दुहेरी छप्पर: वर ताडपत्री, तिच्याखाली फूट-दीड फूट अंतर सोडून पांढऱ्या कापडाचं छत, आणि मधली फट दोन्ही टोकांना वाऱ्याला मोकळी. वरची धग त्या फटीतून निघून जाते. द्राक्षबागांना वापरतात ती हिरवी जाळी हाताशी असते म्हणून कित्येकदा तीच ताणतात. ७५ टक्क्यांची जाळी म्हणजे चौथा हिस्सा ऊन आत येतच राहतं. माणसाला ते बरं वाटतं, तंबोऱ्याच्या तारेला पुरत नाही. शिवाय जाळीतून हलणारे ऊन-सावलीचे ठिपके तारांवर पडत राहिले तर सूर सतत थरथरतो, एकसारख्या उन्हापेक्षा हे जास्त छळतं. जाळी वापरायचीच तर वरच्या थराला वापरा, खाली कापड हवंच.

मंच दिवसभर उन्हात उघडा ठेवून संध्याकाळी त्यावर जाजम अंथरलं, तर खालच्या प्लायवुडची धग तासभर तरी वर येत राहते. गडद लाल किंवा काळं जाजम त्यात भर घालतं. दुपारी दोनपासूनच मंचावर सावली असावी, आणि वाद्याखाली दुहेरी पांढरी चादर. तंबोरा ठेवताना भोपळ्याखाली चुंबळ द्यावी, म्हणजे तो जमिनीपासून सुटा राहतो आणि लोळतही नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तंबोरा पाठीवर आडवा टाकून तबली आकाशाकडे ठेवणं. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी, हाच वाद्याचा सगळ्यात पातळ आणि सगळ्यात मोलाचा भाग, आणि आपण नेमका तोच उन्हाला देतो.

तबलीचं गणित असं. लाकूड उभ्या रेषेत जवळजवळ आकसत नाही, आडव्या अंगाने आकसतं. १६ इंच रुंद तबलीने चार टक्के ओलावा गमावला तर ती आडवी दोन-तीन मिलिमीटर आवळू बघते. पण कडेने ती भोपळ्याला चिकटवलेली असते आणि भोपळा तिच्याबरोबर तेवढा आकसत नाही. मग किंवा कड सुटते, किंवा तबली उभी तडकते. तडकली नाही तरी ती थोडी खाली बसते, तिच्याबरोबर घोडी बसते, आणि जवारी, म्हणजे तारेचा तो भरीव गुंजणारा झंकार, बंद पडते. जवारी बिघडली म्हणून घोडीवर तारेखाली घातलेलं सूत मागे-पुढे करत बसणारे पुष्कळ असतात. फाल्गुन-चैत्रात एकाएकी जवारी गेली असेल तर सुताला हात लावण्याआधी वाद्य आठ दिवस बऱ्या हवेत ठेवून बघावं. पुष्कळदा ती परत येते. घाईने घोडी घासून घेतली, तर पावसाळ्यात तबली पुन्हा फुगते आणि घासलेली घोडी कुठल्याच ऋतूची राहत नाही.

बरी हवा म्हणजे ४० ते ६० टक्के आर्द्रता. ती मोजायला छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं, वाद्य ठेवायच्या खोलीत एक असावंच. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या दुपारी आकडा तिशीच्याही खाली जातो. त्या दिवसांत खोलीत रुंद तोंडाची दोन भांडी पाण्याने भरून ठेवावीत, पंखा थेट वाद्यावर नसावा. आणि गवसणीत, म्हणजे वाद्याच्या खोळीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या कोरड्या पुड्या असतील तर त्या होळीच्या आधी आठवणीने काढाव्यात. पावसाळ्यात अशा पुड्या राखणदार असतात, उन्हाळ्यात कोरड्या पुड्या लाकडातलं उरलंसुरलं पाणी पितात. उलट टोकाचा उपाय, म्हणजे ओलं पोतं वाद्याजवळ टांगणं, तोही नको. एका अंगाने ओल आणि दुसऱ्या अंगाने ऊन मिळालं की तबली पापडासारखी वाकते.

खुंट्यांचंही तेच. कोरड्या हवेत खुंटी बारीक होते आणि घसरते. माणूस चिडून ती आत ठोकतो, आणि सुकलेल्या दांडीच्या डोक्याला चीर जाते. ठोकू नये. खुंटी काढून तिला कोरडा खडू चोळावा, परत बसवताना फिरवत फिरवत आत न्यावी. खडूने नाही भागलं तर खुंटी नवी बसवून घ्यावी. मिरजेत हे काम करणारे हात आहेत तोवर ठोकाठोकीची वेळ येऊ नये.

वाहतुकीकडे मी बैठकीइतकंच लक्ष देईन, कारण सगळ्यात मोठे अपघात मंचावर होत नाहीत. ते गाडीत होतात. बाहेर ३८ अंश असताना काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तासाभरात ६० अंश होतात. चपडा लाखेचं पॉलिश साठ-सत्तरच्या आसपास मऊ पडू लागतं. त्याआधीच गवसणीच्या कापडाची वीण त्यावर उमटते, प्लास्टिक गुंडाळलेलं असेल तर ते चक्क चिकटतं. जुन्या वाद्यांचे सांधे सरसाचे. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की सरस ढिला पडतो, आणि भोपळा-गळ्याचा सांधा ताणाखाली हळूच सरकतो. सरकलेला सांधा बाहेरून दिसतही नाही, फक्त तारा घोडीपासून दांडीपर्यंत पूर्वीपेक्षा उंच वाटू लागतात. म्हणून जेवायला थांबलात तरी तंबोरा गाडीतून उतरवून आत न्यावा. साताऱ्याहून औंधला जायचं असो नाहीतर सांगलीहून मिरजेला, अंतर किती हा प्रश्नच नाही. गाडी कुठे आणि किती वेळ उभी राहणार, तेवढंच विचारावं.

गुंडाळायला जुनी वाकळ उत्तम. सुती थरांच्या मध्ये हवा राहते, ती उष्णता अडवते आणि वाद्याला श्वासही घेऊ देते. वाकळीवरून पांढरं मांजरपाट. काळी रेक्झिनची गवसणी धूळ-पाण्याला चांगली, पण उन्हात ती स्वतःच भट्टी होते, तिच्यावर पांढरं कापड टाकल्याशिवाय तिला उन्हात नेऊ नये. प्लास्टिकचा कागद कधीही नको. निघण्याआधी चारही तारा दोन-दोन सूर उतरवाव्यात. पूर्ण सैल करू नयेत, घोडी जागची हलते आणि तिची जागा पुन्हा सापडायला अर्धा दिवस जातो.

पोचल्यावर तंबोरा वातानुकूलित खोलीत ठेवण्याचा मोह होतो. कलाकाराला तिथे बरं वाटतं म्हणून वाद्यालाही वाटेल असं समजतात. २२ अंशांच्या खोलीत जुळवलेला तंबोरा ३६ अंशांच्या मांडवात नेला की वर मांडलेला सगळा हिशेब लागू होतो, तोही दीडपट. मांडवामागे सावलीची, मंचासारख्याच हवेची जागा करून तिथे तंबोरे निदान तासभर आधी, गवसणी काढून ठेवावेत, आणि जुळवणी तिथेच करावी. पहिली जुळवणी ढोबळ, वीस मिनिटांनी दुसरी, मंचावर बसल्यावर फक्त मणी. मंचावर जुने हॅलोजन दिवे असतील तर ते तंबोऱ्यांच्या मागून किंवा थेट डोक्यावरून नकोत. एलईडी असतील तर हा प्रश्न जवळजवळ संपतो.

मोठे पाण्याचे कूलर मंचाच्या कडेला लावायची पद्धत पडली आहे. कलाकारांसाठी ते ठीक, पण झोत तबल्यावर आला की पुडी, म्हणजे त्याचं कातडं, दमटते आणि उन्हाने चढलेला तबला काही मिनिटांत बसतो. तबलजीची हातोडी मग थांबत नाही. कूलर प्रेक्षकांच्या दिशेने वळवा किंवा मंचापासून लांब ठेवा. तबला उन्हात ठेवून ‘कडक’ करून घेण्याची सवयही घातक. पुडीवरच्या काळ्या शाईचे थर कोरडे होऊन तिच्यात भेगा पडतात, आणि शाई एकदा उचकटली की पुडी गेली. डग्ग्याचं धातूचं भांडं उन्हात इतकं तापतं की आतल्या बाजूनेही कातडं सुकतं. त्यावर नेहमी जाड गादी-झाकण हवं.

पेटीचा सूर टिकतो म्हणून ती उन्हात टिकते असं नाही. तिच्यात पातळ फळ्या, चामड्याच्या पट्ट्या, भात्याच्या घड्या आणि चिकटवलेले सांधे आहेत. सुरांची फळी तापून जराशी वाकली की हवा गळते, भाता दमतो. चामडं आवळलं की पट्टी पूर्ण बसत नाही आणि एखादा सूर लागूनच राहतो. पेटीचं झाकण बंद, वर दुहेरी पांढरं कापड, आणि वाजवायच्या पाच मिनिटं आधी उघडणं, एवढं केलं तरी पुष्कळ.

क्वचित एखाद्या मिश्र कार्यक्रमात पियानोही उघड्यावर येतो. त्याचं शास्त्र तंबोऱ्याहून वेगळं नाही, फक्त प्रमाण मोठं: दोनशेच्या वर तारा, एकूण ताण पंधरा-वीस टनांचा, आणि काळ्या चकचकीत पॉलिशचा प्रचंड पृष्ठभाग, जो थेट उन्हात साठ अंशांच्या पुढे सहज जातो. त्याच्या तारा तापल्या की लगेच उतरतात. लाकडी ध्वनिफलक कोरडा पडला की सूर दिवसादिवसाने उतरत राहतो. त्याला पांढरं किंवा चंदेरी आच्छादन हवं आणि ते लाकडाला न चिकटता वर ताणलेलं हवं, म्हणजे मधून वारा खेळतो. आणि सूर लावणाऱ्याला दुपारी बोलावून उपयोग नाही. ज्या हवेत वाजणार त्याच हवेत, ऊन उतरल्यावर, त्याने शेवटचा हात फिरवावा.

सगळ्यात कठीण बैठक कुठली, असं विचाराल तर पहाटेची. पाडवा पहाट, दिवाळी पहाट. कृष्णेच्या घाटावर साडेपाचला गार, दमट हवा असते, कार्तिकात तर दवही. तारा आवळलेल्या, तबला दमट होऊन बसलेला. साडेसहाच्या सुमाराला सूर्य वर येतो आणि आठ वाजेपर्यंत ऊन पुरतं मंचावर. म्हणजे दीड-दोन तासांत तंबोरा खाली जातो आणि तबला वर येतो, एकाच बैठकीत दोन ऋतू. अशा बैठकीला पूर्वेची कनात हवीच, आणि ती पहाटेच लावलेली असावी. अंधारात तिचा उपयोग दिसत नाही म्हणून ती राहून जाते. तंबोरे दोन जोड असतील तर दुसरी जोडी कनातीमागे सावलीत, सात वाजताच्या सुमाराला जुळवून तयार ठेवावी आणि मध्यंतरात बदलावी. एकच जोड असेल तर दवात ओल्या झालेल्या तारा कोरड्या सुती फडक्याने घोडीपासून खुंटीपर्यंत पुसून मगच ऊन येऊ द्यावं, नाहीतर पोलादी तारेवर गंजाचे ठिपके पडतात आणि तिथून जवारीची घासर सुरू होते.

रात्र उरतेच. मार्गशीर्ष-पौषात दुपारी तीस अंश आणि पहाटे पंधरा, असं आपल्याकडे सहज होतं. उन्हात उतरलेला तंबोरा कुणी खुंट्या पिळून वर आणला आणि तसाच ठेवून घरी गेला, तर रात्री गारठ्याने सगळ्या तारा आवळतात. पोलादाच्या तारेचा ताण पाच टक्क्यांनी सहज वाढतो, पितळेचा त्याहून बराच जास्त. जुनी खर्जाची तार पहाटे आपोआप तुटते. तुटली नाही, तर तो जादा ताण तबली आणि सांधा सोसतात. म्हणून बैठक संपल्यावर टाळ्या विरायच्या आधीच चारही तारा उतरवाव्यात. पुरस्काराचे नारळ, शाल, फोटो यांच्या गडबडीत हे काम कुणाचंच नसतं. मांडवाच्या यादीत जसं ‘पाणी: अमुक, वीज: तमुक’ लिहितात, तसं ‘वाद्यं: अमुक’ असं एका माणसाचं नाव लिहावं, आणि त्याला दुसरं काहीही काम देऊ नये.

इतकं करूनही चीर गेलीच, तर तिथल्या तिथे झटपट चिकटणारा गोंद ओतू नये. तो भोपळ्याच्या तंतूंत मुरून कडक होतो आणि पुढे कारागिराच्या सरसाला जागाच उरत नाही. तारा सैल कराव्यात, तबलीवरचा भार काढावा, उडालेला भोपळ्याचा तुकडा, नखाएवढा का असेना, कागदात बांधून गवसणीच्या खिशात ठेवावा. चिरेवर आडवी सुती पट्टी हलकी बांधावी, चिकटपट्टी नको, ती निघताना पॉलिश घेऊन निघते. मग वाद्य वाकळीत गुंडाळून, सावलीच्या बाजूने, सकाळी दहाच्या आत सतारमेकर गल्लीत पोचवावं.